ताजा कलम

नोव्हेंबर. गोर गावात दिवस इतके लांबलेत
की रात्री नऊलाही मेंढ्या चरताहेत.
मी सकाळपासून एकाच ओळीत अडकलेय:
प्रिय स्नेही, आपल्या औदार्यामुळे
पुढे काही नाही.
कर्सर लुकलुकतोय
रस्त्याकडेला बंद पडलेल्या गाडीच्या दिव्यासारखा.

अध्यक्ष लॉकलन म्हणाले होते, वाचताना डोळ्यांत पाणी यायला हवं.
म्हणून वायरेमूच्या दंडावरची
डायलिसिसनं फुगलेली शीर लिहून पाहिली.
खोडली.
तो मला दर शनिवारी बटाट्यांच्या ढिगापाशी भेटतो,
मी कोण त्याची शीर गावभर वाटणारी?
मग लिहिलं, फूल ना फुलाची पाकळी.
आणि एकटीच हसले.
गियरबॉक्समध्ये पाकळी कुठून घालतात?

आठ हजार चारशे डॉलर.
एवढंच काय ते खरं,
आणि तेवढंच बोटांतून उतरत नाही.

माझा बाप हात पसरणाऱ्यांतला नव्हता.
पुरात कुंपण गेलं त्या वर्षी
तीन दिवस खांब खांद्यावरून वाहिले त्यानं,
एकेक, चिखलातून.
शेजारचा मॅकेल्व्ही पलीकडून बघत होता,
ट्रॅक्टरची किल्ली खिशात.
बाप गेला तेव्हा चर्चच्या मागच्या खोलीत
चहाचा कप बशीत फिरवत मॅकेल्व्ही मला म्हणाला,
"चाळीस वर्षं शेजारी. तुझ्या बापानं
माझ्याकडे कधी काही मागितलं नाही.
लागलं गं मला ते."
मी तेव्हा सँडविचची थाळी पुढे केली होती.

उठले. गॅरेजमध्ये गेले.
व्हॅनच्या कप्प्यात होआनीची वही,
पेन्सिलीनं, स्पेलिंगच्या नावानं आनंद:
मंगळवार. डनेडिन जाऊन-येऊन ३०४ किमी.
क्लिंटनपाशी धुकं. तिसरा गियर पडत नाही.
वायरेमू मिल्टनपर्यंत झोपला.
येताना बाल्क्लुथाच्या पुलावर मिसेस डॉइग म्हणाल्या,
रेडिओ बंद कर, नदी बघू दे.
हळू घेतली.

गॅरेजमध्येच उभ्या उभ्या दोनदा वाचलं.
मग वायरेमूला फोन केला. तुझं नाव घालू का पत्रात?
बराच वेळ काही बोलला नाही. मागे टीव्हीवर रग्बी.
"झोपतो ते घाल," म्हणाला. "शीर नको."

यादीत एकशे बारावं नाव: मॅकेल्व्ही, ए.
आजवर आम्ही त्याला 'प्रिय स्नेही' म्हणत आलो.

प्रिय अँगस,
आमच्या व्हॅनचा गियरबॉक्स गेलाय.
आठवड्यातून तीनदा पाच माणसं तिच्यातून डनेडिनला जातात,
रक्त धुऊन घ्यायला. वायरेमू वाटेत झोपतो.
मिसेस डॉइगना पुलावर नदी बघायची असते.
व्हॅन थांबली तर त्यांना न्यायला दुसरं कुणी नाही.
आठ हजार चारशे डॉलर लागतील.
तुम्ही काही देऊ शकाल का?
नाही जमलं तरी रागावणार नाही.
पण विचारल्याशिवाय राहणार नाही.

विचारलं, आणि घर कोसळलं नाही.
बाहेर कुणाचा तरी कुत्रा भुंकला, गप्प झाला.
खाली सही केली: मेरिन, तुमच्या शेजाऱ्याची मुलगी.

बाकी तीनशे अकरा जणांना हेच पत्र जाईल,
सही थोडी बदलून.
हे शेवटचं मात्र फक्त त्याचं,
हातानं लिहिलेलं, तिरकं, शाई जराशी फासटलेली:

ता. क.
बाबांनी रोवलेले खांब अजून उभे आहेत,
दोन सोडून.
रविवारी याल का?
येताना ट्रॅक्टर आणा.